न वाचलेल्या पट्ट्या

"आणि तुमचं काय आलं, ताई?" इस्त्रीवालीनं विचारलं.

प्रश्न इतका साधा होता की तो आपल्याला आहे हेच ताईला आधी कळलं नाही. शिवणकारखान्याच्या जेवणघरात चाळीसेक बायका बाकांवर दाटीवाटीनं बसल्या होत्या. कुणी डबा पुसत होती, कुणी दातात अडकलेलं काढत होती, आणि समोरच्या टेबलापाशी ताई नेहमीसारखी उभी होती, डाव्या हाताच्या मधल्या बोटावर कापसाचा बोळा दाबून. एचआयव्हीची तपासणी करत शहरभर हिंडणाऱ्या पथकात ती समुपदेशक होती. नऊ वर्षं झाली होती. खरं नाव कार्यालयाच्या कागदांत होतं, बाहेर ती सगळ्यांची ताई. माणूस मरणाला घाबरत नाही तेवढा सुईला घाबरतो, हे तिला पहिल्याच महिन्यात कळलं होतं, आणि त्यावर तिनं स्वतःच एक तोड काढली होती: आधी मी. बोलणं संपलं की ती सगळ्यांसमोर स्वतःचं बोट टोचायची, रक्ताचा थेंब बोटभर लांबीच्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर ठेवायची, वर औषधाचे दोन थेंब सोडायची आणि म्हणायची, "झालं! मुंगी चावली असती तर याहून जास्त ओरडला असता. एक रेघ आली तर लागण नाही, दोन आल्या तर आणखी तपासायचं. पंधरा मिनिटं, बस." बायका हसायच्या, एकमेकींना ढोसायच्या, आणि बघता बघता रांग लागायची. पुढे दुसऱ्या पथकांनीही ही रीत उचलली, वरच्या साहेबांनी एका सभेत तिचं कौतुक केलं, आणि ताईच्या बोटांची टोकं मात्र शिवणकाम करणाऱ्या बाईसारखी निबर होऊन गेली.

"माझं?" ताई हसली. "अगं, निकाल ज्याचा त्याला. खासगी असतो तो."

"ज्याचा त्याला, म्हणजे तुमचा तुम्हाला. बरोबर?" इस्त्रीवाली मागच्या भिंतीला टेकून उभी होती. पाचवा महिना असेल, पोट नुकतं दिसायला लागलेलं, कोपरापासून मनगटापर्यंत जुन्या चटक्यांचे डाग. "पण तुम्ही बघितलाच कुठं? मी मघापासून बघतेय. बोलता बोलता तुम्ही ती पट्टी पिवळ्या पिशवीत टाकून दिली. पंधरा मिनिटं कुठली, दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती." बायकांत खसखस पिकली. एकीनं "गप गं" म्हणून तिला दटावलं. इस्त्रीवालीनं उजव्या हाताची मूठ वळून सगळ्यांना दाखवली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमची पण आणि माझी पण. मी नाही बाई बोट देत, कशाला हात दाखवून अवलक्षण!" आणि भोंगा व्हायच्या आधीच ती आपल्या इस्त्रीकडे चालती झाली.

त्या दुपारी छत्तीस जणींनी बोट दिलं. वाईट आकडा नव्हता, पण ज्या एकीनं द्यायलाच हवं होतं ती वर वाफेच्या ढगात कॉलर दाबत उभी होती. गरोदर बाईला लागण आहे हे वेळेवर कळलं तर गोळ्यांनी मूल सुखरूप राहतं. नाही कळलं तर राहीलच असं नाही, आणि पाचवा महिना म्हणजे घालवायला वेळ फारसा हातात नाही. हे गणित ताईला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. एरवी तिनं वर जाऊन इस्त्रीवालीला गाठलं असतं, तिच्या टेबलाशी उभं राहून इकडचं तिकडचं बोलली असती, सासू काय म्हणते, उलट्या थांबल्या का, आणि त्यातून हळूच मुद्द्यावर आली असती. असल्या कामात तिचा हात धरणारं पथकात कुणी नव्हतं. आज ती जिन्याच्या पाचव्या पायरीवर गेली आणि परत खाली आली. वर जाऊन सांगायचं काय? पोरीनं खोटं काय म्हटलं होतं?

परतीच्या गाडीत टोचणकर तिच्या शेजारी बसला. हे काही त्याचं खरं आडनाव नव्हे. पथकातला तपासणीस तो, दिवसभर लोकांना टोचतो म्हणून ड्रायव्हरनं ठेवलेलं नाव, आणि आता त्याची बायकोही त्याला तसंच हाक मारते असं तो स्वतःच सांगायचा. "काय फटकळ बाई होती," तो म्हणाला. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. सांगून टाकायचं ना, की ही दाखवायची पट्टी आहे, मुदत संपलेली, हिचा निकाल धरत नाहीत म्हणून." ताई म्हणाली, "मुदत संपलेली आहे असं सांगितलं असतं तर एकीनं तरी बोट दिलं असतं का?" यावर टोचणकर हसला आणि मोबाइल काढून बसला. मुदत संपलेली! केवढा मोठा आधार होता तो. मुदत संपलेली किटं फेकण्याऐवजी प्रात्यक्षिकाला वापरावीत असं पत्रक सात वर्षांपूर्वी आलं, तेव्हा बाकीच्यांनी ते वाचून फाइलला लावलं. ताईला मात्र ते देवासारखं धावून आलं होतं. त्याच्या आधीची दोन वर्षं ती पट्टी वाचायची. नुसती वाचायची नाही, वाचून दाखवायची. पंधरा मिनिटं बायकांना गोष्टीत गुंतवून ठेवायची आणि मग पट्टी उंच धरून म्हणायची, "ही बघा, एक रेघ. तुमची ताई ठणठणीत." मग ते कधी बंद झालं? हे ती गाडीच्या खिडकीतून मागे जाणारी दुकानं बघत स्वतःला विचारत होती, आणि विचारताना तिला पक्कं ठाऊक होतं की कधी बंद झालं. तिचा नवरा गेला, तेरा दिवसांची रजा संपवून ती कामावर आली, आणि पहिल्याच दिवशी कुठल्याशा गोदामात बोट टोचून तिनं पट्टी ट्रेखाली सरकवली आणि बोलत राहिली. कुणाच्या लक्षात आलं नाही. आठवड्याला दोनदा म्हटलं तरी सातशेच्या वर पट्ट्या झाल्या. सातशे वेळा तिच्या रक्तानं काहीतरी सांगितलं होतं आणि सातशे वेळा तिनं ते पिवळ्या पिशवीत टाकलं होतं. वापरलेल्या सुया-पट्ट्यांची ती पिशवी आत्ता मागच्या सीटखाली होती. तोंड बांधलेलं. हात घालून आजची पट्टी काढता आली असती. पण त्या पिशवीत हात घालायचा नाही हा पहिल्या दिवसापासूनचा नियम, आणि वेळ उलटून गेलेली पट्टी काहीही खोटंनाटं दाखवते हेही तिनंच नव्या मुलींना शिकवलेलं. ती वळून पिशवीकडे बघत राहिली, आणि आपण किती चांगल्या चांगल्या नियमांमागे लपून बसलो आहोत याची तिला अक्षरशः शिसारी आली.

घरी सासूबाई दाराशीच खुर्ची टाकून बसल्या होत्या. कानानं कमी, डोळ्यांनी तरबेज. "आज किती जणींना भोसकलंस?" त्यांनी रोजच्यासारखं ओरडून विचारलं. "छत्तीस," ताई तितक्याच मोठ्यानं म्हणाली. "बरं. एक राहिली म्हणतेस ती कोण?" ताई थबकली. आपण तसं काही म्हटलंच नव्हतं. पण सासूबाईंचं ऐकणं हे असंच, न बोललेलं बरोबर ऐकू यायचं. तिनं चहा टाकला, दोन कप भरले, आणि एक कप सासूबाईंच्या हातात देताना त्यांच्या मागच्या भिंतीवरच्या फोटोकडे तिची नजर गेली. बोटीच्या डेकवर उभा असलेला नवरा, अंगात निळा डांगरीचा पोशाख, हातात पाना. इंजिनवरचा मिस्त्री होता तो. दहा महिने पाण्यावर, दोन महिने घरी. त्या दोन महिन्यांत तो घरातलं प्रत्येक बिजागर, प्रत्येक नळ खोलून पुन्हा बसवायचा आणि ताईला हाका मारमारून दाखवायचा, बघ, आता कसा फिरतो. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर किती सोपं झालं असतं!

शेवटच्या खेपेला तो आला तो अर्धा होऊनच. येणारा जाणारा ताप, पोट बिघडलेलं, वजन हातातून वाळू गळावी तसं गेलेलं. रुग्णालयात कावीळ म्हणाले. कावीळ होतीच, खोटं नव्हतं ते. पण ताई रोज सकाळी ओल्या फडक्यानं त्याची जीभ पुसायची, आणि जिभेवरचा तो पांढरा थर पुसूनही जात नव्हता. तसा थर कामावर तिनं किती जणांच्या तोंडात बघितला होता. बघितल्याबरोबर त्यांना ती काय म्हणायची? "दादा, एक साधी तपासणी करून घेऊ या." एवढंच. हे एवढंच वाक्य. एका दुपारी वॉर्डातला तरुण डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाला होता, "सगळ्याच तपासण्या करून घेऊ का? त्यांच्याशी तुम्ही एकदा बोला." आणि ती म्हणाली होती, "कावीळ आहे ना डॉक्टर, मग तीच बघा." डॉक्टर तिला ओळखत होता. तिचं काम ओळखत होता. त्यानं तिच्याकडे एक क्षण बघितलं आणि मान हलवून तो गेला, आणि त्या क्षणी तिला सुटल्यासारखं वाटलं होतं, हे ती आजही विसरलेली नव्हती. नवऱ्याला विचारायचं म्हणजे काय काय विचारायचं? कुठल्या बंदरात, कोण, किती वेळा. परक्या माणसाला ती हे सगळं आवाज न चढवता, डोळे न वटारता विचारू शकायची, त्याच कलेवर तिचं पोट चालत होतं. घरच्या माणसाला विचारायला लागणारं तोंड वेगळंच असतं, आणि तिच्या त्या तोंडाला कुलूप लागलं होतं. त्यानं एकदा तिला वाट करून दिली होती. जीभ पुसून झाल्यावर तिचं मनगट धरून तो म्हणाला होता, "तू दिवसभर लोकांना काय विचारतेस गं?" केवढे मोठे झाले होते त्याचे डोळे तेव्हा. ती म्हणाली, "काही नाही. नाव, वय, पत्ता." त्यानं मनगट सोडलं. त्यानंतर एकोणीस दिवसांनी तो गेला.

छत्तीस किलो वजनाची माणसं गोळ्या सुरू केल्यावर स्वतःच्या पायांनी चालत परत आलेली तिनं बघितली होती. एकदा नाही, कितीतरी वेळा. म्हणून तर पट्टी वाचायची नव्हती. लोकांना वाटतं माणूस निकालाला घाबरतो तो स्वतःच्या मरणामुळे. ताईला स्वतःचं काही फारसं वाटत नव्हतं. लागण असली तर गोळी घेऊन म्हातारपणापर्यंत जगता येतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण तिच्या पट्टीवर दोन रेघा आल्या तर त्यातली दुसरी त्याची. मग कावीळ, नशीब, वेळ आली होती, हे सगळं बोलणं संपलं. मग एवढंच उरलं की घरात दिवा होता आणि त्याच्याच खाली तिनं आपला माणूस अंधारात मरू दिला. सात वर्षं ती स्वतःला सांगत आली की नक्की काही माहीत नाही. माहीत करून न घेण्याची केवढी मेहनत केली होती तिनं! आणि आता कालपरवाची एक इस्त्रीवाली पोरगी तिच्याकडूनच ही विद्या शिकून मूठ वळून उभी होती, पोटातल्या जिवासकट. ताईला एकदम राग आला. त्या पोरीचा नाही, स्वतःचाही नाही, त्या वळलेल्या मुठीचा. "उद्या मी स्वतःचं रक्त तपासून घेणार आहे," ती सासूबाईंना म्हणाली, सगळ्या चाळीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. सासूबाईंनी कप खाली ठेवला. "घे," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू होता. "आणि काय निघेल ते मला सांग. मी म्हातारी आहे, खुळी नाही."

कारखान्यात तपासणी दोन दिवस होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई गाडीतून उतरली ती सरळ वर गेली, पाचव्या पायरीवर न थांबता. इस्त्रीवाली टेबलावर शर्ट पसरून पाणी शिंपडत होती. ताईला बघून तिनं इस्त्री उभी केली आणि पदरानं कपाळ पुसलं. "मी आज खरी तपासणी करून घेतेय," ताई म्हणाली. "ताज्या किटवर. आणि निकाल वाचायचाय. तू येशील का बघायला?"

"मी? मी कशाला?"

"तूच विचारलंस म्हणून. नऊ वर्षांत दुसऱ्या कुणी विचारलं नाही. आणि हे बघ, तू बोट द्यायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी त्यासाठी बोलवत नाहीये. म्हणजे, तू द्यावंस असं मला वाटतं, खोटं कशाला बोलू. पण त्यासाठी बोलवत नाहीये."

इस्त्रीवालीनं तिला खालून वर बघितलं. "घाबरलाय की काय तुम्ही?"

"हो," ताई म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत ती खरंच आली. कारखान्यानं पथकाला बटणांच्या कोठीची खोली दिली होती. भिंतीला लागून छतापर्यंत खोकी, मध्ये एक टेबल, टेबलाच्या अलीकडे एक खुर्ची आणि पलीकडे एक. ताई खोलीत शिरली आणि सवयीनं पलीकडच्या खुर्चीकडे गेली, मग थांबली, वळसा घालून अलीकडे आली आणि बसली. या बाजूनं खोली वेगळीच दिसत होती. टोचणकरच्या मागे दार दिसत नव्हतं, फक्त खोकी. आपण इतकी वर्षं लोकांना दाराकडे पाठ करून बसवत आलो, हे एकदा बदलायला पाहिजे, असं तिच्या मनात आलं, आणि अशा वेळीसुद्धा आपल्याला हे सुचावं याचं तिला हसू आलं. टोचणकर हसत नव्हता. "ताई, हिला बाहेर बसवू या," तो हळूच म्हणाला. "निकाल खासगी असतो. तुम्हीच शिकवलंय."

"माझा निकाल माझा आहे ना? मग मी ज्याला दाखवीन त्यानं बघावा. टोच."

त्यानं टोचलं. बोट निबर, थेंब यायला वेळ लागला. पट्टीवर थेंब, त्यावर औषधाचे दोन थेंब, घड्याळ सुरू. इस्त्रीवाली खोक्यावर बसून पट्टीकडे टक लावून होती. ताईला माहीत होतं की पहिली रेघ तिसऱ्या-चौथ्या मिनिटालाच येते, ती कुणालाही येते, पट्टी चालू आहे एवढंच ती सांगते. दुसरी यायची असली तर त्यानंतर. लोकांना ती या वेळात काहीबाही विचारायची, मुलं किती, गाव कुठलं, म्हणजे त्यांचं लक्ष पट्टीवर राहू नये. आज विचारणारं कुणी नव्हतं. म्हणून मग तिनंच सांगायला सुरुवात केली. नवरा, बोट, कावीळ, जिभेवरचा थर, सगळं. आवाज सपाट होता, एखाद्या तिऱ्हाईताची हकिकत सांगावी तसा, फक्त मनगटाशी आल्यावर तो थोडा फाटला. "त्यानं विचारलं, तू लोकांना काय विचारतेस? आणि मी त्याला सांगितलं, पत्ता. पत्ता विचारते म्हणे! मी त्याला विचारलं नाही गं. मला कळत होतं आणि मी विचारलं नाही." टोचणकरनं मान खाली घातली होती. नऊ वर्षं तो तिच्या शेजारी बसून डबा खात आला होता, आणि त्याला काविळीपलीकडचं यातलं काही माहीत नव्हतं. त्याचा पंजा पट्टीवर होता, कुणी बघू नये म्हणून धरल्यासारखा.

"हात काढ," ताई म्हणाली.

"अजून दोन मिनिटं आहेत."

"तुझा चेहरा मला नऊ वर्षांपासून वाचता येतो. काढ हात."

त्यानं हात काढला. मग घड्याळ वाजलं आणि ताईनं पट्टी उचलून उजेडात धरली. "दोन," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, कारण न म्हटलेलं तिच्याकडे पुष्कळ साठलं होतं. तिला नवऱ्याचा घाम आलेला चेहरा आठवला, नळ बसवून झाल्यावरचा, आणि ती रडायला लागली. भान सोडून रडली. सात वर्षांपूर्वी लोकांनी भरलेल्या घरात ती जेवढी रडली नव्हती तेवढी त्या बटणांच्या खोलीत, परक्या पोरीसमोर. टोचणकरला काय करावं सुचेना, तो कापसाचा आख्खा गठ्ठा पुढे करून उभा राहिला.

"आता काय?" इस्त्रीवालीनं विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

ताईनं नाक पुसलं. हा प्रश्न तिला हजारदा विचारला गेला होता आणि उत्तर तोंडपाठ होतं. "आता आणखी दोन वेगळ्या किटांवर बघायचं. तिन्ही तेच म्हणाली तर गोळी सुरू करायची. रोज एक, न चुकता, जन्मभर. काही महिन्यांत रक्तातला विषाणू इतका कमी होतो की मोजायला सापडत नाही. मग जोडीदाराला लागण होत नाही. बाई गरोदर असली तर मूल सुखरूप राहतं. कामधंदा, खाणंपिणं, हसणं, भांडणं, सगळं जसंच्या तसं." ती थांबली. हे सगळं खरं आहे, तिच्या मनात आलं. मी थापा मारत नव्हते. इतक्या वर्षांत हे ऐकणाऱ्याला कसं ऐकू येतं ते तिला आजच कळत होतं, आणि ते चांगलं ऐकू येत होतं. "मी उद्याही कामावर येणार," ती म्हणाली. "'आता काय'चं उत्तर एवढंच आहे."

इस्त्रीवाली उठली. दाराकडे गेली आणि परत आली. "तो गोळी खातो," ती म्हणाली. "माझा नवरा. रोज जेवल्यावर एक. काल तुम्ही टेबलावर या गोळ्यांचा डबा दाखवायला ठेवला होता ना, तसाच डबा आहे, लेबल खरवडून काढलेलं. ताकदीची आहे म्हणतो. दीड वर्ष झालं लग्नाला, एक दिवस चुकली नाही त्याची. मी काल तो डबा बघितला आणि..." तिनं मूठ टेबलावर ठेवली. "विचारलं तर घर मोडेल." मग एकेक बोट उघडत तिनं हात उताणा केला. "टोचा पटकन. नाहीतर पळून जाईन मी."

त्या बोटाला तर दोनदा टोचावं लागलं, गरम लोखंडानं कातडी जाड झालेली. टेबलावर आता नव्या तीन पट्ट्या होत्या, उरलेल्या दोन किटांच्या दोन ताईच्या, एक तिची. वरून मुकादमानं कुणालातरी मारलेली हाक ऐकू आली, इस्त्रीवालीला शोधत असणार. टोचणकर दाराबाहेर जाऊन त्याला काहीतरी सुनावून आला, काय ते कळलं नाही, पण हाक बंद झाली. ताई इस्त्रीवालीशेजारच्या खोक्यावर जाऊन बसली आणि तिला मुलं किती, गाव कुठलं असलं काही न विचारता दोघी नुसत्या पट्ट्यांकडे बघत राहिल्या. ताईच्या दोन्ही पट्ट्यांवर दुसरी रेघ आली, जशी येणार हे तिला कळलं होतं तशीच, आणि तिनं मान डोलावली. तिसऱ्या पट्टीवर एकच होती. पंधरा मिनिटं झाली, टोचणकरनं आणखी थोडा वेळ जाऊ दिला, पट्टी तिरकी करून बघितली. एकच.

"एक," ताई म्हणाली. "लागण नाही. तीन महिन्यांनी आणि नववा लागला की परत बघायचं, ते मी सोडणार नाही. पण आज एक आहे." इस्त्रीवाली तिच्याकडे बघत होती, तोंड उघडं. ताई पुढे म्हणाली, "ती गोळी तीच असेल, तर तो रोज न चुकता खातो म्हणून हे असं असणार. चुकला असता तर काही सांगता आलं नसतं."

"म्हणजे त्यानं मला फसवलं की वाचवलं?"

"दोन्ही," ताई म्हणाली. "त्यानं तुला सांगायला हवं होतं. तो राग तुझा हक्काचा आहे, सोडू नकोस. पण आज त्याला विचार. मी सोबत येऊ?"

"नको. मी विचारते." तिनं पदरानं तोंड पुसलं, रागानं पुसावं तसं, आणि दाराशी जाऊन वळली. "पण त्याला कुणी सांगितलं असेल हो ही गोळी? तो तर डॉक्टरचं दार चढत नाही कधी."

"कुणीतरी समोर बसून विचारलं असेल," ताई म्हणाली, आणि तिची नजर समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे गेली. कुठल्यातरी खोलीत, अशाच दोन खुर्च्यांवर, कुणीतरी त्या माणसाला धीर करून विचारलं होतं. इस्त्रीवाली गेली. जिन्यावर तिची पावलं वाजत वर गेली.

टोचणकरनं नवा फॉर्म काढला. एकाच माणसाच्या तिन्ही किटांवर दोन रेघा आल्या की हा फॉर्म भरावाच लागतो, आणि भरणारी नेहमी ताईच असायची. आज पेन त्याच्या हातात होतं. नाव, वय, पत्ता त्यानं न विचारताच लिहिलं. मग तो अडखळला. "जोडीदार," तो वाचत म्हणाला. "मृत." त्यानं खूण केली. "जोडीदाराची तपासणी. झाली, झाली नाही, माहीत नाही. मी 'माहीत नाही' करतो, ताई. तेच बरोबर आहे."

"नाही," ताई म्हणाली. "विचारलं नाही, असं लिही."

"असा रकाना नाही."

"मग कडेला लिही. मोठ्या अक्षरात."

त्यानं लिहिलं. तिनं फॉर्म आपल्याकडे वळवून घेतला, ते दोन शब्द सावकाश वाचले आणि खाली सही केली. मग पेन त्याला परत देत म्हणाली, "आणि कार्यालयाला कळव, पुढचे फॉर्म छापताना हा रकाना घाला म्हणावं. पुष्कळ जणांना लागेल."